एटीव्हीचा पुढचा डिफ-लॉक लागत नाही? हाउसिंग उघडण्याआधी हे बघा

मुळशीच्या बाजूला एका मित्राचं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथल्या तीन एटीव्हींची (खडबडीत वाटांवर चालणाऱ्या हॅण्डलवाल्या चारचाकी गाड्यांची) देखभाल गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. सुरुवातीच्या एका पावसाळ्यात त्यातल्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या गाडीचा पुढचा डिफ-लॉक लागेनासा झाला. डिफ म्हणजे डिफरन्शियल, इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरची जोडणी; लॉक ती वाटणी बंद करतो. मीटरवर दिवा नुसता लुकलुकायचा. गाडी एका गॅरेजला दिली. त्यांनी पुढच्या डिफचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच खोललं, ऑइल सील बदलले, दोन आठवड्यांनी गाडी परत आली, आणि दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. शेवटी दोष सापडला तो एका कनेक्टरच्या पिनेत. पिनेला हिरवी बुरशी धरली होती. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, तसं झालं.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. आधी दोष आहे का ते बघायचं, मग चाकं हाताने फिरवून बघायची, मग कान लावायचा, मग करंट, मग तेल. हाउसिंग सगळ्यात शेवटी. पहिल्यांदाच अशी गाडी हाताळणाऱ्यांसाठी तोच क्रम इथे सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीला पुढे डिफ आहे का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण विचारावाच लागतो. लोणावळा, पाचगणीला पर्यटकांना फिरवणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये चेनवर फिरणारा मागचा सरळ अ‍ॅक्सल असतो. पुढची चाकं फक्त वळतात, ओढत नाहीत. अशा गाडीत पुढचा डिफ-लॉक शोधणं म्हणजे बैलाचं दूध काढण्यासारखं. गाडीसमोर खाली बसा आणि पुढच्या चाकांच्या मधे बघा. दोन्ही चाकांकडे रबरी बूट चढवलेले शाफ्ट जात असतील आणि मधे नारळाएवढं धातूचं हाउसिंग असेल, तर पुढे वाचा.

आता त्या हाउसिंगमध्ये काय आहे? सगळ्या कंपन्यांची रचना एकसारखी नसते, आणि नवीन माणूस नेमका इथे गोंधळतो. यामाहाच्या ग्रिझलीसारख्या गाडीत बटणावर चालणारी छोटी सर्व्हो मोटर डिफच्या हाउसिंगवरच बसवलेली असते. ती आतली एक दातेरी स्लीव्ह (कड्यासारखा सरकता भाग) सरकवते आणि त्यातूनच टू-व्हील, फोर-व्हील आणि लॉक असे तीन टप्पे होतात. कावासाकीच्या ब्रूट फोर्समध्ये हॅण्डलजवळ एक लिव्हर असतो. तो जितका ओढाल तितका लॉक आवळतो, सोडला की सुटतो, आणि हे सगळं केबलवर चालतं. पोलारिसच्या बऱ्याच गाड्यांत ‘लॉक’ असं वेगळं बटणच नसतं. ऑल-व्हील चालू केलं की विद्युतचुंबकाची कॉइल जागी होते आणि मागची चाकं घसरली की रोलर अडकून पुढची दोन्ही चाकं ओढायला लागतात. कॅन-अ‍ॅमच्या व्हिस्को-लॉकमध्ये तर चालकाला काहीच करायचं नसतं, दोन चाकांच्या वेगात फरक पडला की आतला द्रव स्वतःच दाब तयार करतो.

माझा हात सर्व्होच्या प्रकारावर बसलेला आहे, म्हणून लेखाचा मोठा भाग त्याच्यावर आहे. केबल आणि कॉइलबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

लॉक नेमकं काय करतो

साधा डिफ दोन्ही चाकांना सारखीच ताकद वाटतो. ऐकायला हे न्यायाचं वाटतं, पण एक चाक हवेत लटकलं की त्या चाकाला फिरायला जेवढी नगण्य ताकद लागते तेवढीच दुसऱ्यालाही मिळते. मग हवेतलं चाक गरगर फिरतं आणि दगडावर टेकलेलं चाक ढिम्म राहतं. लॉक म्हणजे ही वाटणी बंद करून दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकणं.

बांधायचं काम दातांचं. स्लीव्हचे दाते समोरच्या खाचांसमोर आले तरच आत शिरतात. दात समोर दात आला तर मोटर कितीही ढकलो, लॉक लागत नाही. खाच समोर यायला दोन चाकांत थोडा तरी फरक पडावा लागतो. एवढं लक्षात ठेवलं तर पुढच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

आधी हे बघा की दोष आहे तरी का

गाडी पूर्ण थांबवा. आधी फोर-व्हील लावा, मीटरवर ते दिसू द्या, मग लॉक लावा. टू-व्हीलवरून थेट लॉकवर उडी मारता येत नाही. चालत्या गाडीत बटण दाबायचं नाही.

लॉक दाबल्यावर दिवा लुकलुकतो. याचा अर्थ गाडी बिघडली असा नाही. ‘हुकूम मिळाला, दाते अजून बसले नाहीत’ एवढंच गाडी सांगतेय. अशा वेळी हॅण्डल डावी-उजवीकडे फिरवत अगदी सावकाश एक-दोन मीटर पुढे जा. दाते जुळले की दिवा स्थिर होतो. दिवा लुकलुकत असताना अंगठ्याने थ्रॉटल दाबून गाडी पळवू पाहाल तर इंजिन घुसमटेल, कारण गाडी मुद्दामच वेग रोखून धरते. ‘लॉक लावला की इंजिन मिसिंग करतं’ ही तक्रार घेऊन लोक प्लग बदलत बसतात, ते इथेच.

लॉक पूर्ण लागल्यावरही ग्रिझली ताशी 35 किलोमीटरच्या वर जात नाही. हॅण्डल दगडासारखं जड होतं, वळायला मोठी जागा लागते. हे असंच असायला हवं.

उलट तक्रारही येते: लॉक सुटत नाही. फरशीवर किंवा डांबरावर लॉक लावून वळलात तर दोन चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि ते कापता येत नाही. शाफ्टमध्ये पीळ भरतो आणि त्या पिळाने दाते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. बटण बंद करा, हॅण्डल सरळ करा, थोडं मागे या, थोडं पुढे जा. पीळ सुटतो, दाते सुटतात. हातोडीची गरज नाही.

आणि टायर. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा फार कमी असते, साधारण 5 पीएसआयच्या आसपास (नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो). आपल्याकडचा पंक्चरवाला मोटरसायकलच्या हिशोबाने 20-25 मारून मोकळा होतो, आणि त्याचा गेज 5 नीट दाखवतही नाही. पुढच्या एका टायरमध्ये 5 आणि दुसऱ्यात 12 असेल, तर दोन्ही चाकांचा घेर वेगळा पडतो आणि सरळ चालतानाही पीळ भरत राहतो. कमी दाबाचा गेज स्वतःचा ठेवा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत टायर असेल तरी तोच त्रास.

चाकं उचलून बघण्याची परीक्षा

आता हात लावायचा. ही परीक्षा दहा मिनिटांची आहे, पण सगळ्या निदानाचा कणा आहे.

सपाट जागा घ्या. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, पार्किंग ब्रेक ओढा. जॅक चेसिसला लावून पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून चार बोटं उचला आणि चेसिसखाली घोड्या (जॅक स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर विसंबून हात खाली घालू नका. एक सक्त ताकीद: पुढची चाकं वर आणि मागची जमिनीवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. गाडी घोड्यांवरून उडी मारून अंगावर येईल. सगळं हातानेच फिरवायचं आहे.

इंजिन बंद, चावी चालू, फोर-व्हील लावलेलं. मागची चाकं जमिनीवर आणि ब्रेकमध्ये असल्यामुळे पुढे जाणारा शाफ्टही धरलेला राहतो. आता पुढचं एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट दिशेने फिरलं पाहिजे. तसं फिरलं तर फोर-व्हील लागलंय आणि डिफ मोकळा आहे, म्हणजे ठीक. चाक मोकळं फिरतंय आणि दुसऱ्याला त्याचं काहीच नाही, किंवा दोन्ही रेंगाळत एकाच दिशेने फिरताहेत, तर फोर-व्हीलच लागलेलं नाही. मग लॉकची चर्चा पुढची. क्वचित आतला अ‍ॅक्सल तुटलेला असतो. चाक फिरवताना हाउसिंगजवळचा शाफ्टही फिरतोय का ते बघा, म्हणजे कळेल.

आता लॉकचं बटण दाबा आणि एका माणसाला एक चाक थोडं पुढे-मागे हलवायला सांगा, दाते जुळावेत म्हणून. लॉक लागला की दोन्ही चाकं जाम होतात. थोडा खडखडाट, बोट-दोन बोटांचा ढिलेपणा राहणारच, पण चाक पूर्ण फिरणार नाही.

इथे एक गंमत होते. कधी चाकं जाम होतात, म्हणजे लॉक लागतो, पण मीटरवरचा दिवा लुकलुकतच राहतो. मग दोष लॉकमध्ये नाही. लॉक लागल्याचं मीटरला कळवणारा जो स्विच असतो, त्याच्यात किंवा त्याच्या वायरीत दोष आहे. गाडीला वाटतं लॉक लागलाच नाही, म्हणून ती वेगही रोखून धरते. दिव्यावर विश्वास ठेवून हाउसिंग खोलणाऱ्याला आत सगळं ठणठणीत सापडतं.

कान लावा

चाकं तशीच उचललेली ठेवा. एक जण बटण दाबेल, दुसऱ्याने हाउसिंगजवळ कान न्यायचा. सर्व्हो चालली तर क्षणभर ‘कुर्र’ असा आवाज येतो आणि थांबतो.

आवाज येतो पण लॉक लागत नाही, तर करंट पोहोचतोय. दोष मोटरच्या आतल्या गिअरमध्ये, मोटर चुकीच्या जागी बसवण्यात, घट्ट झालेल्या तेलात किंवा स्लीव्हमध्ये आहे. आवाजच नाही, तर दोष करंटच्या वाटेवर आहे. आवाज येतो पण मरगळलेला, तर आधी बॅटरीकडे जा.

करंटची वाट

बॅटरीपासून सुरुवात करा. गाडी काही तास उभी असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 किंवा त्याहून खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मग पुढचं बघा. पावसाळा संपल्यावर महिनोन् महिने शेडमध्ये पडून राहिलेल्या गाडीत निम्म्या वेळा गोष्ट इथेच संपते.

मग फ्यूज. सीटखाली किंवा पुढच्या कव्हरखाली फ्यूजबॉक्स असतो आणि झाकणावर कोणता कशाचा ते लिहिलेलं असतं. फोर-व्हीलच्या मोटरचा फ्यूज बहुधा वेगळा असतो. तो उडाला असेल तर त्याच अँपिअरचा लावा. मोठा लावला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. पुन्हा लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी चेसिसला घासून उघडी पडली आहे. हॅण्डल वळताना जिथे हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) पीळ बसतो ती जागा आधी बघा.

यानंतर कनेक्टर, आणि माझ्या अनुभवात गुन्हेगार बहुतेकदा इथेच सापडतो. सर्व्होचा कनेक्टर हाउसिंगजवळच असतो. सगळा चिखल, ओढ्याचं पाणी आणि गाडी धुताना मारलेलं प्रेशरचं पाणी त्याच्यावरच येतं. चावी बंद करून तो सोडवा. पिना हिरव्या किंवा पांढरट दिसल्या, लाल मातीची पेस्ट आत सापडली, तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बारीक ब्रशने साफ करा, वाळू द्या आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बसवा. रबरी सील फाटलं असेल तर साफसफाई फार तर महिनाभर टिकते. धुणाऱ्या मुलाला सांगून ठेवा की नोझल तिथे रोखायचं नाही. मी सांगून दमलो आणि शेवटी त्या जागी रंगाने फुली मारली.

कनेक्टर सुटलेला असतानाच मल्टिमीटर लावा. चावी चालू करून बटण एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत न्या आणि मोटरच्या दोन पिनांवर व्होल्टेज येतंय का बघा. ते सतत येत नाही, मोटर फिरवण्यापुरतं काही क्षण येतं आणि बटण उलट केलं की चिन्ह बदलतं, उणेचं अधिक होतं. म्हणून मीटर आधी लावून ठेवा, बटण नंतर दाबा. व्होल्टेज आलं आणि मोटर गप्प, तर मोटर दोषी. आलंच नाही, तर हॅण्डलवरचा स्विच तपासा. त्याचा कनेक्टर सोडवून प्रत्येक स्थितीत कोणत्या वायरी जोडल्या जातात ते मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (जोडणी अखंड आहे का ते दाखवणाऱ्या सोयीवर) बघता येतं, जोडण्यांचा तक्ता गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. अर्थिंगही विसरू नका. चेसिसला टेकलेला अर्थचा बोल्ट गंजला असेल तर मीटरवर 12 व्होल्ट दिसतात आणि मोटर मात्र हलत नाही.

सर्व्हो बाहेर काढताना

मोटर हाउसिंगवर बोल्टने बसलेली असते. काढण्याआधी भोवतालचा चिखल धुऊन वाळवा, नाहीतर भोकातून तो थेट डिफमध्ये पडेल. मोटर कोणत्या स्थितीत होती त्याची मार्करने खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. मोटरचा छोटा गिअर आणि आतली सरकती यंत्रणा यांची जुळणी ठरलेली असते. एक दात इकडे-तिकडे बसला तर फोर-व्हील म्हणाल तेव्हा लॉक लागेल, किंवा लॉक कधीच लागणार नाही.

बाहेर काढल्यावर नव्या माणसाचा हात आपोआप बॅटरीच्या वायरीकडे जातो. थांबा. यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या मोटरला 12 व्होल्टची बॅटरी थेट लावू नका असं बजावलेलं आहे. त्याऐवजी दोन सी-साइझचे सेल, म्हणजे फक्त 3 व्होल्ट लावायला सांगितलंय. गाडीत असताना मोटरला कुठे थांबायचं ते कळतं, टेबलावर ते कळत नाही. पूर्ण ताकदीने ती शेवटच्या टोकाला जाऊन आदळली की आतले बारीक गिअर अडकतात किंवा तुटतात. दोन सेलवर मोटरचा गिअर सावकाश फिरला आणि सेल उलटे जोडल्यावर उलटा फिरला, तर मोटर चांगली आहे. अडखळली तर आत पाणी गेलंय.

तेल

ड्रेनचा बोल्ट उघडून तेल स्वच्छ भांड्यात घ्या. चहाच्या रंगाचं दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. बोल्टच्या टोकाला किंवा तळाला राखेसारखी बारीक पूड असेल तर ती नेहमीची झीज आहे, पण बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर दाते गेले असं समजा.

पाणी कुठून शिरतं? गाडी तापलेली असते आणि तशीच ओढ्यात घालतात. हाउसिंगमधली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. म्हणून हाउसिंगला ब्रीदरची बारीक नळी असते. ती वर, पाण्याच्या पातळीच्या बरीच वर नेलेली असते. नळी चिखलाने बुजली, चिमटली किंवा निसटली असेल तर हवेऐवजी पाणी ओढलं जातं आणि सील नवे असले तरी उपयोग होत नाही. सील बदलण्याआधी नळी फुंकून बघा. आम्हाला त्या नळीत कुंभारमाशीचं घर सापडलं होतं.

नवीन तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. गॅरेजमध्ये ट्रॅक्टरचं उरलेलं जाड तेल असतं, ते घातलं की थंडीत सकाळी स्लीव्ह सरकत नाही आणि दुपारी सरकते. ‘सकाळी लागत नाही, दुपारी लागतो’ अशी तक्रार आली तर मी आधी कोणतं तेल घातलं ते विचारतो. तेल लागतंच थोडं, त्यात काटकसर कशाला?

केबल आणि कॉइलवाल्यांसाठी

केबलच्या प्रकारात लिव्हर ओढताना दुसऱ्याला हाउसिंगवरचा आर्म हलतो का ते बघायला सांगा. लिव्हर हलतो आणि आर्म हलत नाही, तर केबल ताणली गेली आहे किंवा आतून उसवली आहे. आर्म हलतो पण परत येत नाही, तर केबल गंजली आहे. वरच्या टोकातून पातळ तेल सोडून बघा, नाहीतर बदला. नवी केबल बसवल्यावर लिव्हरला थोडा ढिलेपणा ठेवा. अजिबात ढिल नसेल तर लॉक सतत अर्धवट धरून राहतो आणि आतल्या प्लेट झिजतात.

पोलारिसच्या कॉइलचा रोध मल्टिमीटरवर सुमारे 24 ओहम यायला हवा. आकडाच आला नाही तर कॉइल किंवा तिची वायर तुटली आहे, आणि वायर बहुधा स्टिअरिंगजवळ तुटते. चाकं उचलून ऑल-व्हील चालू केलं की चाक फिरवताना हलकी खरखर जाणवते. ती जाणवली तर कॉइल जिवंत आहे. या डिफमध्ये कंपनीने सांगितलेला खास द्रवच घालायचा, साध्या गिअर ऑइलने आतली यंत्रणा धड धरत नाही.

मग हाउसिंग

करंट बरोबर, मोटर बरोबर, तेल स्वच्छ, तरी लॉक लागत नाही, किंवा लागतो आणि जोर लावला की ‘टक’ करून निसटतो. निसटण्याचा अर्थ, दातांच्या कडा गोल झाल्या आहेत किंवा स्लीव्ह सरकवणारा फोर्क वाकला आहे. हे काम घरी करू नका. आत बेअरिंगचं अंतर शिमने (पातळ चकत्यांनी) ठरवलेलं असतं, आणि शिम इकडची तिकडे झाली की लॉक लागेल पण डिफ रडायला लागेल. ज्याने हे काम आधी केलंय त्यालाच द्या. देताना वर सांगितलेल्या तपासण्यांची चिठ्ठी सोबत द्या, म्हणजे तो पुन्हा फ्यूजपासून सुरू करणार नाही.

गाडी परत आली की चाचणी डांबरावर घेऊ नका. शेतातला एखादा बांध तिरका ओलांडा, असा की पुढचं एक चाक हवेत उचललं जाईल. आधी फक्त फोर-व्हीलवर जाऊन अडका, मग थांबून लॉक लावा आणि हॅण्डल हलवत दिवा स्थिर होऊ द्या. अंगठा हलकेच दाबला की जमिनीवरचं चाक माती पकडून गाडी वर ओढतं. वर आल्यावर लॉक काढा, एक मीटर मागे या आणि दिवा विझला की नाही ते बघून मगच शेडकडे निघा.